शरीर आपली ऊब कशी सांभाळते

निरोगी माणसाच्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा ५ अंशांपर्यंत घसरतो. चंद्रपूरला मे महिन्यातल्या दुपारी तो ४५ अंशांच्या पुढे जातो. तरी दोन्हीकडच्या निरोगी माणसांच्या मेंदूचे, हृदयाचे आणि यकृताचे तापमान जवळजवळ सारखेच राहते. हे आपोआप घडत नाही. त्यासाठी शरीर जन्मापासून अखेरपर्यंत क्षणाचीही उसंत न घेता काम करत असते.

सरडा किंवा बेडूक यांच्या अंगाचे तापमान बरेचसे भोवतालच्या हवेवर आणि उन्हावर ठरते. म्हणून गारठ्यात त्यांच्या हालचाली मंदावतात. सस्तन प्राण्यांनी आणि पक्ष्यांनी वेगळी वाट धरली. अन्नातली ऊर्जा खर्च करून ते आपले अंग सतत उबदार ठेवतात. त्यासाठी त्यांना अन्न पुष्कळ लागते, पण थंडी असो वा ऊन, त्यांचे स्नायू आणि मेंदू एकाच क्षमतेने चालतात. शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी एन्झाइम, म्हणजेच विकरे, ठरावीक तापमानाला उत्तम काम करतात. तापमान उतरले की या क्रिया मंदावतात, आणि ते ४१-४२ अंशांच्या पुढे गेले की पेशींतल्या प्रथिनांची घडी बिघडू लागते. जगण्याची सुरक्षित पट्टी अशी अवघ्या काही अंशांची आहे.

३७ हा आकडा कुठून आला

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातले डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून नोंदी घेतल्या आणि १८६८ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. निरोगी माणसाचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या घरातल्या थर्मामीटरच्या भाषेत ९८.६ अंश फॅरेनहाइट, हे त्यांनी रूढ केले. नंतरच्या काळातल्या मोजमापांत ही सरासरी थोडी कमी, ३६.६ ते ३६.८ अंशांच्या आसपास आढळली आहे.

सरासरीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते तिच्या भोवतालचे चढउतार. एकाच माणसाचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि दुपार उलटल्यावर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त. हा फरक साधारण अर्ध्या अंशाचा असतो. स्त्रियांचे तापमान बीजोत्सर्गानंतर ०.३ ते ०.५ अंशांनी वाढते आणि पाळी येईपर्यंत तसेच राहते. काखेत मोजलेले तापमान तोंडातल्यापेक्षा कमी भरते. त्यामुळे थर्मामीटरवरचा आकडा वाचताना तो कुठे आणि कोणत्या वेळी घेतला, हे पाहावे लागते.

शिवाय सगळ्या शरीराचे तापमान एकसारखे नसते. मेंदू, छाती आणि पोटातले अवयव ३७ अंशांच्या जवळ असतात, तर त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते. कडाक्याच्या थंडीत बोटांची टोके २० अंशांच्याही खाली जाऊ शकतात. शरीर जपते ते आतल्या गाभ्याचे तापमान, आणि त्यासाठी बाहेरच्या कवचाला गरजेप्रमाणे गरम किंवा गार होऊ देते.

उष्णता येते कुठून

अन्नाचे ज्वलन पेशींमध्ये अखंड चालू असते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. स्वस्थ पडून राहिलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातही सुमारे ७० ते ८० वॉट इतकी उष्णता सतत तयार होत असते. यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे वजन शरीराच्या मानाने थोडे असले, तरी विश्रांतीच्या वेळी निम्म्याहून अधिक उष्णता हेच अवयव देतात. चयापचयाचा एकूण वेग थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. म्हणून ही ग्रंथी अति काम करू लागली की माणसाला सारखे उकडते आणि मंदावली की थंडी सोसत नाही.

स्नायू कामाला लागले की चित्र पालटते. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामासाठी वापरला जातो, उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. वेगाने धावणाऱ्या किंवा शेतात जोर लावून राबणाऱ्या माणसाच्या अंगात विश्रांतीच्या दसपट उष्णता तयार होऊ शकते.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल, याचा हिशेब सोपा आहे. ७० किलो वजनाचा माणूस नुसता पडून राहिला तरी त्याचे तापमान तासाला एक अंशाहून अधिक वाढेल आणि चार-पाच तासांत ते घातक पातळी गाठेल. उष्णता निर्माण करण्याइतकेच ती बाहेर टाकण्याचे कामही जीवनमरणाचे आहे.

बाहेर जाण्याच्या वाटा

शरीरातली उष्णता चार वाटांनी बाहेर पडते. पहिली वाट प्रारणाची. ऊबदार अंगातून अवरक्त किरण बाहेर पडतात आणि भोवतालच्या गार भिंती ते शोषून घेतात. दुसरी वहनाची. गार फरशीवर बसले की अंगातली उष्णता थेट फरशीत जाते. तिसरी हवेच्या हालचालीची. त्वचेला लागून तापलेला हवेचा थर वाऱ्याने निघून जातो आणि त्याची जागा गार हवा घेते. चौथी वाट बाष्पीभवनाची. सुखद तापमानाच्या खोलीत कमी कपड्यांत बसलेल्या माणसाची सुमारे ६० टक्के उष्णता प्रारणाने जाते आणि साधारण पाचवा हिस्सा बाष्पीभवनाने. घाम आलेला जाणवत नसला तरी त्वचेतून आणि श्वासातून रोज अर्धा लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन जात असते.

पहिल्या तिन्ही वाटांना एकच अट आहे: भोवताल त्वचेपेक्षा गार हवा. हवेचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की या वाटा उलट्या होतात आणि बाहेरची उष्णता अंगात शिरू लागते. मग बाष्पीभवनाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत उन्हाळ्यातल्या दुपारी नेमके हेच घडते.

मेंदूतले नियंत्रण केंद्र

या साऱ्या व्यवहारावर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागाची देखरेख असते. त्याच्या पुढच्या बाजूला तापमान ओळखणाऱ्या चेतापेशी आहेत. त्यांच्याजवळून वाहणारे रक्त किंचित गरम झाले तरी त्यांच्या संदेशांचा वेग बदलतो. पाठीचा कणा, पोटातले अवयव आणि सबंध त्वचा यांच्याकडूनही येथे वार्ता येत असतात. त्वचेच्या वार्तेचे महत्त्व असे की ती आधी पोहोचते. गाभा गार होण्यापूर्वीच शरीर थंडीशी सामना करायला लागते.

त्वचेतल्या चेतातंतूंना उष्ण आणि थंड कसे कळते, याचा उलगडा अलीकडचा आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सायसिन या द्रव्याच्या आधारे एक संवेदक शोधला. सुमारे ४३ अंशांच्या पुढची दाहक उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा हे दोन्ही याच संवेदकाला जाणवतात. म्हणून झणझणीत ठेचा खाल्ला की तोंड भाजल्यासारखे वाटते आणि कपाळावर घाम येतो. २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी स्वतंत्रपणे थंडीचा संवेदक शोधला. पुदिन्यातल्या मेंथॉलनेही तो जागा होतो. या दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गाभ्याचे तापमान ठरल्या पातळीवरून अंशाच्या काही दशांशांनी सरकले तरी हायपोथॅलॅमस हालचाल करतो. वर सरकले तर घाम, खाली गेले तर हुडहुडी. संपूर्ण भूल दिल्यावर हा अचूकपणा राहत नाही आणि तापमान दोन-तीन अंश उतरेपर्यंत शरीर प्रतिकार करत नाही. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारे कितीतरी रुग्ण कुडकुडतात ते यामुळेच. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला उबदार ठेवण्याची दक्षताही त्याचसाठी घेतली जाते.

रक्ताची वाट बदलणे

नियंत्रण केंद्राचे पहिले साधन म्हणजे त्वचेतल्या रक्तवाहिन्या. आतल्या अवयवांतली उष्णता रक्तच त्वचेपर्यंत आणते. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली एक चेतारज्जू कापली, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. चेतासंस्था रक्तवाहिन्या आकुंचित ठेवते आणि तिचा ताबा सुटला की त्या रुंदावतात, हे त्यातून समजले.

एरवी त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. कडक उष्म्यात हे प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा लालबुंद दिसतो, तो या वाढलेल्या रक्ताने. इतके रक्त त्वचेकडे वळवायचे तर हृदयाला जास्त काम करावे लागते आणि रक्तदाबही उतरू शकतो. उन्हातल्या रांगेत उभ्या माणसाला भोवळ येते ती यामुळे. हृदयविकाराच्या रुग्णांना उष्म्याच्या लाटेत अधिक धोका असतो त्याचेही हेच कारण.

थंडीत याच्या उलट होते. त्वचेतल्या वाहिन्या आवळतात, बोटे पांढुरकी पडतात आणि उष्णता गाभ्यात राखली जाते. हातापायांत धमन्या आणि खोलवरच्या शिरा शेजारी-शेजारी असतात. बोटांकडे निघालेल्या गरम रक्तातली उष्णता परतणाऱ्या गार रक्ताला मिळते, त्यामुळे ती वाटेतूनच माघारी फिरते.

घाम: सर्वांत प्रभावी साधन

माणसाच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. घामाने अंग गार होते ते तो वाळताना. एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेतली सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता जाते, म्हणजे लिटरभर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी. मातीच्या माठातले पाणी याच नियमाने गार होते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते.

या साधनाची ताकद किती, हे चार्ल्स ब्लॅगडेन यांनी १७७४ आणि १७७५ मध्ये लंडनला केलेल्या प्रयोगांतून दिसले. डॉक्टर जॉर्ज फोर्डाइस यांनी तापवलेल्या कोरड्या खोलीत ते आणि त्यांचे सहकारी शिरले, तेव्हा आतली हवा १०० अंश सेल्सिअसहून गरम होती. त्या हवेत ठेवलेली अंडी आणि मांस शिजून निघाले, पण काही मिनिटे थांबलेल्या माणसांच्या अंगाचे तापमान फारसे वाढले नाही. हवा कोरडी असल्यामुळे त्यांचा घाम भराभर वाळत होता.

दमट हवेत मात्र हे साधन दुबळे पडते. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की घाम वाळत नाही, तो ओघळून जातो, आणि ओघळलेला घाम अंगातली उष्णता नेत नाही. नागपूरला घरोघरी कूलर चालतात आणि मुंबईत त्यांचा उपयोग होत नाही, यामागेही हेच कारण आहे. नागपूरच्या ४३ अंशांपेक्षा कोकण किनाऱ्यावरचे ३५ अंश कधी कधी अधिक जड जातात, ते पारा आणि दमटपणा या दोहोंचा मिळून ताण पडतो म्हणून. पंख्याचा वारा त्वचेजवळची दमट हवा हलवून घाम वाळवायला मदत करतो. पण हवाच ४० अंशांच्या पुढे गेली आणि अंग कोरडे असले, तर तो उलट उष्णता अंगावर आणतो. अशा वेळी अंग ओले करून पंख्याखाली बसणे उपयोगी पडते.

उष्म्याची सवय नसलेल्या माणसाला तासाला साधारण एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. रोज काही वेळ उष्म्यात काम केले की एक-दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, अधिक येतो, त्यातले मिठाचे प्रमाण घटते आणि रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते. ही सवय टिकाऊ नसते, काही आठवड्यांत ती ओसरते. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला अचानक आलेली लाट, किंवा थंड प्रदेशातून नुकत्याच आलेल्या मजुराचे पहिले काही दिवस विशेष धोक्याचे असतात.

घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात. पाणी कमी पडले की रक्ताचे आकारमान घटते, त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते आणि घामही मंदावतो. मीठ घातलेले ताक, पन्हे आणि लिंबू सरबत या घरगुती पेयांतून पाणी आणि मीठ यांची भरपाई एकदम होते. तहान उशिरा लागते, त्यामुळे उन्हात राबताना तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी पीत राहावे लागते.

थंडीशी सामना

अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आकसतो. दाट केसांच्या प्राण्यांत त्यामुळे केस उभे राहून हवेचा उबदार थर अडकतो. माणसाचे केस विरळ, म्हणून या क्रियेचा लाभ नगण्य आहे. खरा आधार हुडहुडीचा. स्नायू इच्छेविना भराभर आकसतात, काम काही होत नाही आणि जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होते. जोरदार हुडहुडीत उष्णतानिर्मिती विश्रांतीच्या चार-पाच पट होते.

नवजात बाळाला नीट कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त पसरलेली असते, त्यामुळे त्याची ऊब झपाट्याने जाते. त्याच्याजवळ दुसरे साधन असते, ते म्हणजे तपकिरी चरबी. खांद्याच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ ती साठलेली असते. तिच्या पेशींतले एक खास प्रथिन अन्नाच्या ज्वलनातली ऊर्जा थेट उष्णतेत बदलते. प्रौढांतही तिचा काही अंश कार्यरत राहतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी दाखवले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ही चरबीही थोडी असते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉक्टर एडगर रे यांनी अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू पद्धत म्हणून ती आज भारतातल्या रुग्णालयांतही वापरली जाते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत उभारली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली, तिच्यातही बाळाला उबदार ठेवण्यावर भर होता.

गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले की शीतबाधा होते. आधी बोलणे अडखळते, विचार मंदावतात. ते ३०-३२ अंशांपर्यंत उतरले की हुडहुडीही थांबते आणि हृदयाची लय बिघडू लागते. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. दारू त्वचेतल्या वाहिन्या रुंदावते, म्हणून गरम वाटते, पण गाभ्यातली ऊब बाहेर निघून जाते.

ताप म्हणजे नेमके काय

तापात नियंत्रण व्यवस्था बिघडलेली नसते. तिची ठरलेली पातळीच वर नेलेली असते. जंतुसंसर्ग झाला की रोगप्रतिकारक पेशी काही प्रथिने रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य तयार होते आणि हायपोथॅलॅमस ३७ ऐवजी, समजा, ३९ अंश ही पातळी धरतो. त्या पातळीच्या मानाने अंग आता गार ठरते. मग त्वचेतल्या वाहिन्या आवळतात, हुडहुडी भरते आणि रुग्ण पांघरूण मागतो. थंडी वाजून ताप भरतो तो असा. संसर्ग आटोक्यात आला की पातळी खाली येते, अंग जास्त गरम ठरते आणि दरदरून घाम येऊन ताप उतरतो.

पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिन ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून ही पातळी खाली आणतात. ॲस्पिरिनचे हे कार्य जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

उष्माघात

उष्माघातात अंग तापते, पण तो ताप नव्हे. येथे मेंदूने धरलेली पातळी ३७ अंशांचीच असते. घाम आणि रक्तप्रवाह ही दोन्ही साधने अपुरी पडल्याने उष्णता साठत जाते. त्यामुळे पॅरासिटामॉलचा येथे काहीही उपयोग होत नाही. तापमान ४० अंशांपुढे जाते आणि माणूस असंबद्ध बोलतो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. त्वचा कोरडी असेलच असे नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात ती घामाने भिजलेलीही असते. वेळीच अंग गार केले नाही तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांना इजा होते.

म्हणून उपचाराचा गाभा एकच आहे: लवकरात लवकर अंग थंड करणे. रुग्णाला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

वृद्धांना घाम कमी येतो आणि तहानही कमी जाणवते. लघवी वाढवणारी आणि घाम कमी करणारी काही औषधे हा धोका वाढवतात. वीटभट्टी, रस्त्याचे काम, ऊसतोड अशा ठिकाणी राबणाऱ्यांच्या अंगात उन्हाची आणि श्रमाची अशी दुहेरी उष्णता साठते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला भर उन्हात झालेल्या मोठ्या कार्यक्रमानंतर दहाहून अधिक लोक उष्माघाताने दगावले. विदर्भातल्या मे महिन्याच्या मानाने त्या दिवशी पारा कमी होता, पण हवा दमट होती आणि लोक तासन्‌तास सावलीविना बसले होते.

थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून जे तापमान मिळते, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. उष्णता आणि दमटपणा यांचा एकत्रित ताण त्यातून कळतो. ते ३५ अंशांवर पोहोचले तर सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही उष्णता बाहेर टाकू शकत नाही, असे २०१० मध्ये मांडले गेले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तरुण निरोगी माणसांची मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच आढळली.

ही मर्यादा इच्छाशक्तीने किंवा काटकपणाने ओलांडता येत नाही. म्हणून शरीराच्या पलीकडची तजवीज लागते: सैल सुती कपडे, डोक्यावर रुमाल किंवा दुपट्टा, दुपारच्या वेळी श्रमाला विराम, कामाच्या जागी सावली आणि पिण्याचे पाणी. २०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा लागू केला. आधी इशारा देणे, पाणपोया वाढवणे आणि रुग्णालये सज्ज ठेवणे यांवर त्यात भर होता, आणि पुढे देशातल्या इतर शहरांनीही असे आराखडे तयार केले. सावली, पाणी आणि विश्रांती वेळेवर मिळाली तर उष्माघाताचे बहुतेक मृत्यू टाळता येतात.